डाव्या खांद्याची झालर

मला शिवायला फार आवडतं, असं आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं. पंचवटीतली गल्ली ती, अरुंद. दुपारी माझ्या मशीनचा आवाज समोरच्या घरातसुद्धा ऐकू जातो. भाजीला निघालेल्या बायका खालून विचारतात, "आज काय नवीन?" मी खिडकीतून हात हलवते आणि त्या "दांडगी हौस हिची" म्हणत पुढे जातात. हौस! मान आखडलेली, कंबर धरलेली, सुई ओवताना डोळ्यांना पाणी, आणि म्हणे हौस.

खरं सांगायचं तर मला शिवणकामाचा कंटाळा आलाय. पूर्वी नव्हता. कळवणकडे माझं माहेर, तिथे आईने मला शाळेत असतानाच मशीनवर बसवलं. लग्नात तिने दागिन्यापेक्षा मशीन हौसेने दिलं. थोरली झाली तेव्हा मी झबली शिवली, टोपरी शिवली, पुढे फ्रॉक शिवले. आहेरात आलेल्या साड्यांचा आमच्याकडे ढीग असतो. या घरातून त्या घरात फिरणाऱ्या, कुणीच न नेसणाऱ्या त्या साड्या. त्यातली जरा बऱ्या पोताची एक काढायची, पदराचा पुढचा भाग करायचा, काठ घेराला लावायचा. एका साडीत दोन फ्रॉक निघायचे आणि वर आपला ब्लाउज. तेव्हा खरोखर मजा यायची. दमायला व्हायचं, पण ते दमणं वेगळं होतं.

थोरली पाच वर्षांची असताना एका हळदीकुंकवाला मी तिला घेऊन गेले. अंगात बिनबाह्यांचा पिवळा फ्रॉक होता, मीच शिवलेला. वाण देता देता एक बाई म्हणाली, "अगं, हिचा एक खांदा पडलाय का?" सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. पोर तिळगूळ खात होती, तिला काही कळलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिला आंघोळ घालताना पाहिलं, तर खरंच होतं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. जरासाच, पण एकदा दिसला की दिसतच राहायचा.

डॉक्टरांनी तिला वाकवून, सरळ उभं करून पाहिलं. मणका किंचित कललाय म्हणाले. घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करून घ्या, वाढीच्या वयात अधूनमधून दाखवत राहा. ते सगळं आम्ही केलं, अजून करतो. तिला सांगितलं की सगळ्याच मुलांची अशी तपासणी होते. डॉक्टरांचं झालं, बायकांचं काय? मोठ्या जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात. त्यांना मी रडत रडत सांगितलं, तर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरीची जात हाय. झाकून ठेव. लोकं लय वंगाळ असतात." त्यांनी मायेनेच सांगितलं. मीही ते मायेनेच घेतलं आणि मशीनवर बसले.

तेव्हापासून मला एकच धास्ती होती. माझ्या लेकीला हे कुणा परक्या बाईच्या तोंडून, चारचौघांत, माना वळलेल्या असताना कळता कामा नये. तिला ते कळूच नये, असंही मनात होतंच.

ब्लाउज असो की फ्रॉक, कापड दुहेरी घडी घालून कापायचं असतं. दोन्ही खांदे एकदम निघतात, एकसारखे. थोरलीचं कापताना मी नंतर घडी उघडायचे आणि डाव्या खांद्यावर, शिवणीत जरा जास्त कापड राखून, अर्धं बोट तिरकी कात्री मारायचे. खांद्याला तेवढा जादा उतार दिला की तिच्या अंगावर गळा सरळ बसतो, डावीकडे घसरत नाही. मग दोन्ही खांद्यांवर झालर लावायची. डावीकडची थोडी जास्त चुण्यांची, म्हणजे फुगून वर येते. बघणाऱ्याला झालर दिसते, खांदा दिसत नाही. इतक्या वर्षांत कुणाला दिसला नाही. पोरीच्या प्रत्येक कपड्याला झालर कशी, असं मात्र खूप जणींनी विचारलं. "फॅशन आहे," मी म्हणायचे. फॅशन कधीच गेली होती.

एका मुलीचे कपडे शिवून संपलं असतं तर गोष्ट वेगळी. धाकटीचे खांदे अगदी पाटीसारखे सरळ. थोरलीचं आखूड झालेलं तिला द्यायचं तर डावा खांदा उसवा, आत ठेवलेली माया सोडा, पुन्हा टीप मारा. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला आमच्यात माया म्हणतात. त्यावर गोड गोड विचार करायला मला कधी सवड मिळाली नाही, कारण उसवण्याइतकं कंटाळवाणं काम जगात दुसरं नाही. शाळेचा युनिफॉर्म दुकानातून यायचा, तोही आणल्या आणल्या उसवावा लागायचा. शिवाय एकीला नवीन तर दुसरीलाही नवीन, नाहीतर घरात महाभारत. आणि राहिलेल्या तुकड्यांत मी. माझ्या कित्येक ब्लाउजांच्या बाह्या एका कापडाच्या आणि पाठ दुसऱ्या कापडाची आहे. पदराखाली कोण बघतंय! गल्लीला वाटतं ही शिवणारी बाई, हिचे कपडे बघा कसे असतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ह्यांचा भाजी बाजारात गाळा आहे, त्यामुळे पहाटे जातात, दुपारी येऊन झोपतात. मशीनच्या आवाजात त्यांना छान झोप लागते. एकदा उठून मला म्हणाले, "आता रेडीमेड काय कमी मिळतं का? तुझी हौस तुला, पण तब्येत बघ." नवऱ्यालाही ती हौसच वाटत होती. खांद्याचं त्यांना माहीत होतं, डॉक्टरांकडे तेही आले होते. पण खांदा आणि मशीन यांचा काही संबंध आहे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही आणि मीही ते घातलं नाही. बोलायलाही अंगात त्राण लागतं.

मनातून मला मशीनवर कापड टाकून द्यावंसं वाटायचं. मागच्या वर्षी मेन रोडला खरेदीला गेलो होतो, तेव्हा थोरली एका दुकानापुढे थांबली. बाहेर टांगलेला साधा निळा टॉप होता, ना झालर ना काही. ती बघत राहिली. तेराव्या वर्षी मुली जशा बघतात तशी. आता ही तो मागणार, असं वाटून मी धास्तावले. त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, वाटलं की हिने हट्ट करावा, रडावं, घेऊनच दे म्हणावं, म्हणजे एकदाची सुटेन. धाकटी म्हणाली, "घे ना दीदी." थोरलीने मान हलवली. "नको. मम्मी शिवते ना." आणि पुढे चालायला लागली. किती समजूतदार पोर, मला वाटलं. घरी येऊन तसल्याच निळ्या कापडाचा तुकडा शोधला आणि पुन्हा मशीनवर बसले. झालर लावली.

आमच्या घरात शिवणकामाचा एक नियम आहे, माझ्या आईकडून आलेला. अंगावरचा कपडा शिवायचा नाही, अशुभ असतं. शिवावाच लागला, तर ज्याच्या अंगावर आहे त्याने तोंडात दोऱ्याचा तुकडा धरायचा आणि शिवून होईपर्यंत बोलायचं नाही. शाळेच्या वेळेला हमखास कुणाचं तरी बटण तुटायचं. मग मी दोरा तोडून पोरीच्या ओठांत द्यायचे आणि बटण लावता लावता तोंडसुख घ्यायचे. डबा संपवत नाहीस, वेणी नीट घालत नाहीस, अक्षर बघ कसं काढतेस. त्यांना उत्तर देता यायचं नाही. मला बाई तो नियम फार सोयीचा वाटायचा.

यंदा जाऊबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडचे घोटीचे, म्हणून साखरपुडा घोटीला. जाऊबाई आठवडाभर आधीपासून आमच्याकडे येऊन सांगत होत्या, "पोरींना झकपक घाल. तिकडची माणसं लय बघणारी हायेत." मी मोरपंखी साडी काढली, दोघींचे लांब फ्रॉक कापले आणि उरलेल्या कापडात माझा ब्लाउज. फ्रॉक दोनदा घालून बघितले, चारी बाजूंनी फिरवून बघितले. ब्लाउज कापला तेव्हा दुपार टळली होती. कुकरची शिट्टी होत होती, मानेत कळ येत होती, आणि स्वतःच्या ब्लाउजचं काय माप घालून बघायचं! कापला, शिवला, हूक लावले, कपाटात टाकला.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी ब्लाउज अंगात घातला तर डावीकडे दाटून आला. काखेत काचत होता. सुटले असेन जरा, म्हटलं, आणि साडी नेसले. खाली भाड्याची गाडी येऊन उभी होती, हे गाडीशेजारी उभे राहून वर बघत होते. गजरा माळायला हात वर केला आणि डाव्या खांद्याची शिवण टर्रकन सुटली, थेट गळ्यापासून बाहीपर्यंत.

त्या साडीवर दुसरा ब्लाउज नव्हता. मी मटकन पलंगावर बसले. रडू आलं नाही, रडायलासुद्धा कंटाळा आला. एवढंच म्हणाले, "तुम्ही जा. मी नाही येत."

धाकटी दारात होती. थोरली तयार होऊन उभी होती, मोरपंखी फ्रॉक, खांद्यांवर झालर. तिने माझ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला आणि फाटलेलं बघितलं. "आत कापड आहे, मम्मी. ढील देऊन हाताने टाके घालते." डब्यातून सुई काढली, मोरपंखी दोरा ओवला. माझ्यासारखी दोन-दोनदा हुकली नाही, पहिल्यांदाच ओवला. मग दोऱ्याचा एक तुकडा तोडून माझ्या तोंडापुढे धरला. "आ कर. तुझाच नियम आहे."

मी दोरा ओठांत धरला. ती शिवायला लागली. मधेच थांबली. बोटांनी माझा डावा खांदा चाचपला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"मम्मी," ती म्हणाली, "हा खांदा तू माझा कापलायस."

मला एकदम कळलं. घडी उघडून हातांनी आपोआप डावीकडे तिरकी कात्री मारली होती. इतक्या वर्षांच्या सवयीने, माझ्या सरळ खांद्यावर. मी बोलायला गेले तर तिने माझ्या हनुवटीला बोट लावलं. "दोरा पडेल."

आणि मग तीच बोलली, टाके घालता घालता, खाली बघत. "मला माहितीये माझा खांदा खाली आहे ते. मी चौथीत असताना हिने माझा फुलांचा फ्रॉक तू उसवायच्या आधीच घातला होता. हिच्या अंगावर तो वाकडाच झाला. मग आम्ही दोघी आरशापुढे उभ्या राहिलो."

"मी सांगितलं तिला," धाकटी दारातून म्हणाली. "मी म्हटलं, फ्रॉक वाकडा नाहीये, तू वाकडी आहेस."

"तू गप्प बस गं." थोरलीने टाका ओढला. "तुला विचारणार होते, मम्मी. पण मग वाटलं, कशाला? तुला शिवायला एवढं आवडतं. रेडीमेड मागितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. त्या निळ्या टॉपच्या वेळी पण... मला हवा होता तो. पण म्हटलं जाऊ दे, मम्मीची हौस आहे."

माझ्या तोंडात दोरा होता. दातांखाली घट्ट धरला होता मी तो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात उचलता येईना, कारण तिची सुई माझ्या खांद्यात होती. मला या पोरीचा राग आला, स्वतःचा आला, त्या हळदीकुंकवातल्या बाईचा तर अजूनही येतो. मशीनवरच्या त्या सगळ्या दुपारी माझ्या मानेवर एकदम आल्यासारख्या झाल्या. इतका थकवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

तिने गाठ मारली, वाकून माझ्या खांद्याजवळ दातांनी दोरा तोडला. "झालं. आता बोल."

मी तोंडातला दोरा काढला. "मला नाही आवडत शिवायला," मी म्हणाले.

धाकटीला हसू फुटलं. "मग कशाला शिवत बसतेस सारखी?"

थोरली हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या डाव्या खांद्यावरच्या झालरीकडे बघितलं. "अगं मम्मी," ती म्हणाली. ती दूध सांडते तेव्हा मी ज्या सुरात तिला "अगं बाळा" म्हणते, अगदी तोच सूर.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. ह्यांनी दोनदा हाका मारल्या. थोरलीने टेबलावरचं ब्लेड उचलून माझ्या हातात दिलं. "ही झालर काढून टाक."

"आज?" मी म्हटलं. "अगं, तिकडे सगळी नवी माणसं. ती बघणारी..."

"आजच. मला टोचते ती. कायमच टोचते."

धाकटीने विचारलं, अंगावरचं उसवतानासुद्धा तोंडात दोरा धरायचा असतो का? ते मला माहीत नव्हतं, आईने कधी सांगितलं नव्हतं. तरी थोरलीने माझ्याच तोंडातला तो तुकडा घेतला आणि स्वतःच्या ओठांत धरून उभी राहिली. मी ब्लेडने टीप उसवत गेले. उजवीकडची झालर निघाली, मग डावीकडची. कापड सपाट झालं आणि तिचा खांदा दिसायला लागला, जसा आहे तसा. वाटलं, हात फिरवून तो वर उचलून धरावा. पण तिने दोरा थुंकला, पायात चपला सरकवल्या आणि धाकटीला ओढत जिना उतरून गेली.

घोटीला मांडवात शिरल्या शिरल्या जाऊबाई समोर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग थोरलीकडे. त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण पोर मधे उभी. "अगं, हिचा खांदा..." त्या पुटपुटल्या.

"हो काकू," थोरली म्हणाली. "डावा खाली आहे माझा. पहिल्यापासूनच."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडच्या दोन बायकांनी वळून बघितलं. इतकी वर्षं ज्या घटकेला मी घाबरत होते, ती हीच. चारचौघांतली, माना वळलेली. थोरलीने त्यांच्याकडे बघून नमस्कार केला. बायकांनीही हात जोडले. जाऊबाईंनी एकदा त्या बायकांकडे, एकदा थोरलीकडे बघितलं, मग म्हणाल्या, "बरं, बरं. जिलेबी खाल्ली का नाय?"

झालं. एवढंच. नंतरही काही जणींनी निरखून बघितलं, मी त्यांना बघताना बघितलं. थोरलीनेही बघितलं असेल. ती पंगतीत बसली आणि दोनदा जिलेबी मागून घेतली. मी मात्र जेवले नाही फारसं. खूप दिवस आजारी असलेलं माणूस पहिल्यांदा उठून बसतं तेव्हा हातापायांत जीव नसतो, तसं झालं होतं.

परतताना हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे धाकटी एका खिडकीशी, मधे थोरली, आणि तिच्या डाव्या हाताला मी. उन्हं उतरली होती. धाकटी काहीतरी बडबडत होती, त्या निळ्या टॉपविषयी, तो अजून दुकानात असेल का, दीदीला घेतला तर मलाही घ्यायचा. मी "बघू" म्हणाले. डोळे मिटत होते. मशीनवर अजून एक कापलेला फ्रॉक पडलाय हे आठवलं आणि तो कुणाला देऊन टाकावा याचा विचार करता करता माझं डोकं कलंडलं.

ते थोरलीच्या डाव्या खांद्यावर टेकलं. मी सीटवर घसरले होते आणि खांदा खाली होता, मान अजिबात वाकवावी लागली नाही. झालर नव्हती, म्हणून गालाला काही टोचलंही नाही. तिने माझा पदर सरकून आला होता तो माझ्या टाके घातलेल्या खांद्यावर ओढला आणि हळूच धाकटीला म्हणाली, "आता बोलू नकोस. मम्मी दमलीये."